रहिमाननं सरळ केलेली निब

मित्रांनो, कडेगावात शालूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, काडेपेटीला खेटून एक काळा जाडजूड पेन उभा असतो. टोपणाला चीर गेली म्हणून तिथं लाल दोरा गुंडाळलाय. तो पेन म्हणजे मी. जुना आहे, पण मोडीत काढण्यातला नाही. तसं कुणी म्हटलं तर मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म सांगलीचा. गणपती पेठेच्या मागच्या बोळात पत्र्याची एक खोली होती. तिथं बिराप्पा नावाचा कारागीर काळ्या एबोनाइटच्या, म्हणजे टणक रबराच्या, कांड्या लेथवर कातून पेन बनवायचा. खोलीभर जळक्या रबराचा वास भरलेला असे. बिराप्पानं मला कातलं, घासलं, तेलाच्या फडक्यानं पुसून चकचकीत केलं आणि पोलादी निब बसवली. निबेच्या टोकाला मोहरीपेक्षाही बारीक असा एक मणी होता. त्या मण्यामुळे मला कागदावर कसाही फिरवा, मी सुळकन पळत असे. बिराप्पानं आपल्या अंगठ्याच्या नखावर एक गोल काढून पाहिला आणि म्हणाला, "हां, पळतंय बेस!" आयुष्यात ऐकलेली ही पहिली शाबासकी. अजून विसरलो नाही.

मला विकत घेतलं ते हवालदार आकारामनं. पलटणीतून पेन्शनीवर आलेला हा गडी कराडजवळ मलकापूरला राहायचा आणि हळद घेऊन सांगलीच्या पेठेत आला होता. त्याची बोटं पिवळीधम्मक झालेली. त्यानं मला उचललं आणि माझ्या काळ्या अंगावर पहिलाच टिळा हळदीचा लागला. शकुन चांगला झाला म्हणायचं.

आकारामला अक्षराचं भारी वेड. लहानपणी शाळेत तो बोरूनं लिहायला शिकला होता. बोरू म्हणजे देवनळाची लेखणी. तिचं टोक तिरपं कापलेलं असतं, म्हणून अक्षराची एक रेघ जाड येते आणि एक बारीक. त्या अक्षराला मोत्याचे दाणे म्हणत. पलटणीत सगळ्यांच्या पेट्यांवर नावं घालायचं काम आकारामचंच होतं. गावातसुद्धा लग्नपत्रिकांवरची नावं आणि शाळेच्या बक्षिसांचे कागद त्याच्याकडंच यायचे. पण बोरू सारखा दौतीत बुडवावा लागतो. एका शब्दाला दोनदा बुडवायचा, वर थेंब पडला की कागद वाया. आकारामच्या मनानं घेतलं की शाईच्या पेनाचंच टोक बोरूसारखं कापावं. मंजे बुडवायचं नको आन् अक्षर तेच!

मला ते मुळीच पसंत नव्हतं. पण पेनाला कोण विचारतो?

त्यानं न्हाव्याकडून वस्तरा घासायचा गुळगुळीत दगड मागून आणला. आधी टोकाचा मणी उडवला. मग दगडावर पाणी शिंपडून मला एकाच बाजूला कलता धरून तो घासत बसला. पाच-सहा फेरे झाले की शाई भरून लिहून बघायचं, परत घासायचं. आकारामची बायको राहीबाई चुलीपुढून ओरडायची, "आवं, कोयत्याला धार लावायची सोडून त्या पेनाला काय लावताय?" तो नुसता हसायचा. शेवटी माझं टोक अगदी त्याच्या बोरूसारखं तिरपं झालं. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. एकच खोट राहिली. टोकाचे दोन्ही कोपरे धारदार राहिल्यानं मी कागदावर खरखर वाजायचो आणि कागदाचे तंतू ओढून आणायचो. तेवढे कोपरे गुळगुळीत करून घ्यायला आकाराम मला रहिमानकडं घेऊन गेला.

रहिमान शिकलगार कराडच्या मंडईजवळ धार लावायला बसायचा. पायानं फिरवायचं चाक, ठिणग्यांनी जळून भोकं पडलेली मांडीवरची गोणी आणि पुढं ओळीनं मांडलेले कोयते, विळे, अडकित्ते. आकारामचा तो जिवाभावाचा दोस्त. "गड्या, एवढी खरखर काढ," असं सांगून मला त्याच्या हाती देऊन आकाराम बाजार करायला गेला. आणि तिथंच घोटाळा झाला.

रहिमाननं डोळ्याजवळ नेऊन माझं टोक बघितलं. धार तिरपी! आता ज्याच्या बापानं आणि आज्यानं सगळी हयात वाकड्या धारा सरळ करण्यात घालवली, त्याला तिरपी धार बघवते का? त्याला वाटलं, लिहून लिहून एका अंगानं झिजलीय बिचारी. त्यानं मोठ्या मायेनं मला बारीक दगडावर धरलं आणि सुताराच्या पटाशीसारखं नीट सरळ करून टाकलं. मग चामड्याच्या पट्ट्यावर असं काही घासलं की खरखरीचं नावनिशाण उरलं नाही.

आकाराम आल्यावर तो खुशीत म्हणाला, "आकारामभाऊ, धार लय वाकडी झाली हुती तुमची. सरळ केली बघा. लोण्यावानी चालंल."

आकारामनं कपाळाला हात लावला. "आरं गड्या, ती मुद्दाम वाकडी केली हुती रं! म्हैनाभर घासत हुतो!"

"मंग परत वाकडी करतो, आणा."

"आता घासाय काय ऱ्हायलंय? निबंच्या भोकापतुर जाशील!"

ते खरंच होतं. माझं टोक आधीच आखूड झालं होतं. आकारामनं घरी येऊन लिहून पाहिलं. मी लोण्यासारखा चाललो खरा, पण अक्षराचा पार विचका झाला. जिथं रेघ जाड हवी तिथं बारीक, बारीक हवी तिथं जाड. शाळेतले इंग्रजीचे मास्तर एकदा घरी आले होते, त्यांनी मला हातात घेऊन आपलं नाव इंग्रजीत काढलं आणि म्हणाले, "वा! इंग्रजी तिरक्या वळणाला हा पेन झकास आहे." आकाराम फणकारला, "गुरुजी, आमच्या गावात विंग्रजीत पत्रिका कोण लिवतंय?"

झालं. मला एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. डब्यात सुया, तुटकी बटणं आणि स्टोव्हच्या पिना. त्या पिनांनी मला टोचून टोचून बेजार केलं. आकारामनं रहिमानकडं जाणं सोडलं, कोयतेसुद्धा दुसरीकडं धारेला पाठवू लागला. माझ्यापायी दोन दोस्तांचं बोलणं तुटलं, याचं मला फार वाईट वाटे. शाई माझ्या पोटात वाळून खडा झाली. मित्रांनो, काम नसलेल्या वस्तूला दिवस किती मोठा वाटतो, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही.

आता मी आकारामच्या मुलीविषयी सांगतो. तिचं नाव शालू. अकरावी, म्हणजे त्या काळची मॅट्रिक, पास झालेली. अंगानं चपळ, बोलायला फटकळ, आणि डावरी. म्हणजे लिहिताना, चेंडू फेकताना तिचा डावाच हात पुढं यायचा. गावच्या शाळेत मास्तरांनी त्या हाताच्या बोटांवर छड्या मारल्या. घरी राहीबाई तो हात पदराखाली झाकायला लावायची. मोठ्या परीक्षेत मात्र अनोळखी मास्तरांनी काही म्हटलं नाही, म्हणून ती डाव्या हातानं लिहून पास झाली. उजव्या हातानं लिहायची तेव्हा कागदावरून कोंबडी चालून गेल्यासारखं दिसे.

त्या काळी मुलगी बघायला आलेले लोक तिला नाव लिहून दाखवायला सांगत. शिकलीय म्हणता, तर बघू दे! पाटणकडचे लोक शालूला बघायला आले तेव्हा राहीबाईच्या धाकानं तिनं उजव्या हातानं नाव लिहिलं. तो कागद हातोहात फिरला. एक जण हसून म्हणाला, "अकरावी पास म्हनं! आमच्या बारक्याचं अक्षर यापरीस बरं हाय." जाताना ते वेशीपर्यंत बोलत गेले की हवालदार पोरीच्या शिक्षणाचं खोटं सांगतो. शालू त्या दिवशी जेवली नाही. आकारामनं राहीबाईला म्हटलं, "पुढच्या टायमाला लिवू दे तिला डाव्यानं." राहीबाई डोळे पुसत म्हणाली, "खोटारडं म्हनलं तर चालंल मला. पन माझ्या पोरीला डावरी म्हनून कुनी टाकायला नको. डाव्या हाताची सून कोन घरात घील?"

म्हणजे बघा, उजव्यानं लिहिलं तर खोटारडी, डाव्यानं लिहिलं तर अशुभ. पोरीनं करावं काय?

पुढं काही दिवसांनी शालूनं बटण शोधायला त्या डब्यात हात घातला, तर मी हाताला लागलो. तिनं मला कोमट पाण्यात भिजत घातलं. वाळलेली शाई निळ्या धुरासारखी निघत गेली. अहाहा! ते पाणी मी जन्मात विसरणार नाही. तिनं निब फडक्यानं पुसली, नवी शाई भरली आणि आई मळ्यात गेलेली बघून मला डाव्या हातात धरलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवायला ती कागदाच्या चिठ्ठ्या लिहीत होती. हरभरा डाळ, तूर डाळ, मीठ.

पहिलं अक्षर उमटलं आणि मीच चकित झालो. जाड हवी तिथं जाड, बारीक हवी तिथं बारीक! त्यात जादू काही नव्हती, मित्रांनो. डाव्या हातात पेन उलट्या अंगाला कलतो. जो तिरपेपणा आकारामनं महिनाभर घासून माझ्या टोकाला दिला होता, तो तिच्या हातानं आपसूक येत होता. तिच्यासाठी टोक सरळच हवं होतं. रहिमाननं नकळत तिच्यासाठीच मला घासलं होतं म्हणा ना!

संध्याकाळी आकाराम पाणी प्यायला आत आला आणि डब्यांपुढं उभाच राहिला. "ह्ये बोरूनं कुनी लिवलं?"

शालूनं डावा हात पाठीमागं नेला. आकारामनं मला उचललं, टोक बघितलं, तिच्या बोटावरची शाई बघितली आणि खाली बसून पोट धरून हसायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं एक चिठ्ठी सोडवून खिशात घातली आणि तडक रहिमानकडं गेला. मीही त्याच खिशात होतो. रहिमाननं चाक थांबवलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "मंजी माझं चुकलंच न्हवतं की!"

"चुकलंच हुतं," आकाराम म्हणाला. "पन लय ब्येस चुकलं गड्या." मग दोघांनी एका बशीतला चहा वाटून घेतला आणि आमच्या घरचे कोयते पुन्हा त्या चाकावर जाऊ लागले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

सुगी सरली तसं कडेगावचं स्थळ आलं. नाथाजी नावाचे ऊसवाले शेतकरी, त्यांचा मुलगा कृष्णात, आणि नाथाजींची थोरली बहीण अंबूबाई. कृष्णात एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, नखांत तेलाची काळी रेघ असलेला शांत मुलगा. पण खरा कारभार अंबूबाईचा. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली ही बाई. तिच्या होकाराशिवाय त्या घरात सुपारीसुद्धा फुटत नाही, असं मध्यस्थानं बजावून सांगितलं होतं. राहीबाईनं सकाळपासून शालूच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, "डावा हात पदरात ठेव. उजव्यानं लिव. वाकडं आलं तरी लिव."

आकाराम फक्त एवढंच म्हणाला, "पोरी, मी काय सांगत न्हाई. तुझा हात, तुझं नाव."

पोहे झाले, गूळपाणी झालं. नाथाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "नाव लिवून दाव बरं पोरी. तुझं, वडलांचं आन् गावाचं."

राहीबाईनं कागद आणि पेन्सिल पुढं ठेवली होती. आकारामनं खिशातून मला काढून कागदाच्या मधोमध ठेवलं. शालूनं मला उजव्या हातात घेतलं. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. माझं टोक कागदावर टेकलं आणि एक ठिपका पडला. मी मनात म्हणत होतो, बाई गं, माझी काही ताकद नाही, पण शाई मी अडू देणार नाही, एवढा शब्द देतो.

शालूनं मला उचललं. सगळ्यांच्या देखत डाव्या हातात घेतलं आणि सलग, न थांबता तिन्ही नावं लिहिली.

"आगं बया!" अंबूबाई ओरडलीच. "डावरी हाय व्हय पोरगी?"

"व्हय, आत्याबाई."

"आन् वाढतीस कंच्या हातानं?"

"वाढते उजव्यानं, लिवते डाव्यानं. दोन्ही हात माझंच हायती."

राहीबाईनं डोळे मिटून घेतले. कृष्णातनं कागद उचलला, बराच वेळ बघितला आणि हळूच म्हणाला, "आत्या, अक्षर तर बघ."

"मला रं काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत अंबूबाई उठली. बघायला आलेल्या बायका स्वयंपाकघर बघतात, त्या रिवाजानं ती आत आली. मागून राहीबाई आणि शालू. शालूच्या हातात मी तसाच होतो, टोपण लावायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं.

अंबूबाई डब्यांपुढं थांबली. "ह्ये काय लिवलंय?"

"हरभरा डाळ."

"आन् त्या बरणीवर?"

"मीठ."

अंबूबाईनं मागं वळून बघितलं, बाहेर सोप्यात बसलेलं कुणी आत डोकावत नाही ना याची खात्री केली आणि डाव्या हातावरचा पदर बाजूला सारला. मनगटाच्या आतल्या बाजूला चिंचोक्याएवढा जुना, चकाकणारा डाग होता.

"माझ्या आयनं पळी तापवून दिला हुता," ती म्हणाली. "बारकी हुती मी. समदं डाव्या हातानं करायची. त्या दिसापास्नं ह्यो हात पुढं केला न्हाई." मग ती राहीबाईकडं वळली. "तू पोरीला डाग दिला न्हाईस, लय उपकार केलंस बाई तिच्यावर."

राहीबाईचा बांध फुटला. "डाग न्हाई दिला आत्याबाई, पन झाकून ठिवला की वो मी त्यो हात! झाकून ठिवला!"

शालूनं आईला धरलं. अंबूबाई एकदम म्हणाली, "त्यो पेन दे बरं मला."

मित्रांनो, त्या म्हातारीच्या बोटांत मी गेलो तेव्हा काय सांगू! मला पकडावं कसं हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. पळी धरतात तसं तिनं मला डाव्या मुठीत धरलं. शालूनं एक चिठ्ठी पुढं केली. अंबूबाईनं एक रेघ ओढली. नुसती एक आडवीतिडवी रेघ, कुठं जाड, कुठं बारीक. ती रेघ बघून ती लहान पोरीसारखी हसली. मी त्याच क्षणी बिराप्पाचे, आकारामचे आणि सगळ्यांत जास्त त्या चुकलेल्या रहिमानचे मनोमन आभार मानले.

सोप्यात येऊन अंबूबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "नाथा, सुपारी फोड."

लग्नात रहिमाननं शालूला एक अडकित्ता आहेर केला, धार इतकी की सुपारी बघूनच फुटावी. पाठवणीच्या वेळी राहीबाईनं मला लेकीच्या डाव्या हातात दिलं, चारचौघांसमोर दिलं, आणि मी साताऱ्याकडचा पुन्हा सांगलीकडचा झालो. कडेगावात दुपारची भांडी आवरली की सासूच्या जागी असलेली अंबूबाई आणि सून शालू पाटी-कागद घेऊन बसायच्या. अंबूबाई चिडायची, मला आपटायची, "ह्यो पेनच वाकडा हाय" म्हणायची. मला! सरळ केलेल्याला! पण मी मनावर घेतलं नाही. शिकणाऱ्यानं शिव्या दिल्या तरी त्या गोड लागतात. पुढं तिनं स्वतःच्या हातानं एक शब्द पुरा लिहिला आणि चिठ्ठी स्वतःच एका बरणीवर चिकटवली.

आता त्या गोष्टीला पुष्कळ दिवस झाले. अंबूबाई देवाघरी गेली. आकाराम आणि रहिमान म्हातारे झालेत, चहा अजून एका बशीत पितात म्हणे. घरात नवे पेन आले, मला काम थोडं असतं. तरी शालूबाई मला आठवणीनं कोमट पाण्यानं धुतात. माझी तक्रार काही नाही.

तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. शाईचा पेन वापरत असाल तर त्यात शाई वाळू देऊ नका, आणि एखाद्याच्या हाताला सरावलेली निब घासून सरळ-वाकडी करू नका. पेनाचं एक वेळ जाऊ द्या. पण तुमच्या शेजारी बसलेल्या मुलानं पाटीवर डावा हात टेकवला, तर तो हात ओढू नका. त्याच्याकडं नुसता एक चांगला पेन सरकवा.

कधी कडेगावला आलात तर आमच्या स्वयंपाकघरात जरूर या. फळीवर एक चिनी मातीची बरणी आहे, तिच्यावर मोठ्या, हेलकावे खाणाऱ्या अक्षरांत ‘मीठ’ लिहिलंय. तिच्यात हल्ली साखर असते. नवा माणूस हमखास फसतो आणि आमटी गोड करून ठेवतो. सगळे पोटभर हसतात, नवी आमटी होते, पण ती चिठ्ठी बदलायचं नाव आजवर कुणी काढलेलं नाही.